नर्सअक्काच्या बाळंतिणी

गडहिंग्लजच्या अलीकडे एका गावात मी दीड वर्ष भाड्याच्या खोलीत राहिले. खोली बघायला गेले त्या दिवशी अंगणात कुणीच नव्हतं. गोठ्यातून आवाज आला, "चप्पल भाईर काड. हात धू. मग ये."

मी चप्पल काढली, दगडावर ठेवलेल्या लाल साबणाने हात धुतले आणि आत गेले. पासष्टीच्या आसपासची एक बुटकी बाई, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून, एका काळ्यापांढऱ्या गाईच्या पोटाला ॲल्युमिनियमचा कर्णा लावून उभी होती. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचा तो जुना कर्णा. तिने डोळे न उघडता एक बोट वर केलं. म्हणजे गप्प राहा. ते मला चांगलं जमतं.

मिनिटभराने तिने कान काढला. "ठोकं चांगलं हायत," ती म्हणाली. "तू कोण?"

गाईच्या पोटाला बाहेरून असा कर्णा लावला तर वासराचे ठोके ऐकू येत नाहीत. ऐकू येते ती चारा मुरताना होणारी गाईच्या पोटातली गुडगुड. हे मला माहीत होतं, कारण मी जनावरांची डॉक्टर आहे. मी म्हणाले, "खोली बघायला आले होते."

माझं असंच आहे. कोल्हापुरात इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात उत्तर येत असूनही हात वर केला नाही, आणि त्यामुळे मला उत्तर येत नाही अशी बऱ्याच शिक्षकांची प्रामाणिक समजूत होती. जनावरांच्या डॉक्टरकीकडे वळले त्याचं खरं कारण घरी कुणाला सांगितलेलं नाही. जनावरं प्रश्न विचारत नाहीत. पण प्रत्येक जनावरामागे एक माणूस दोरी धरून उभा असतो आणि तो फक्त प्रश्नच विचारतो, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

एका दूध संघाने मला नुकतंच नोकरीवर घेतलं होतं. स्कूटीवरून बारा-पंधरा गावं फिरायची आणि गाय व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे तिला काय घालायचं, काय नाही, हे लोकांना समजावून सांगायचं. गाईची बरीचशी दुखणी याच सहा आठवड्यांत ठरतात. समजावून सांगायचं हा भाग सोडला तर मला काम आवडत होतं.

घरमालकिणीला सगळं गाव नर्सअक्का म्हणायचं. चौतीस वर्षं तिने सरकारी आरोग्य केंद्रांत बाळंतपणं केली होती. निवृत्त झाली तेव्हा मुलगा पुण्यात, सून पुण्यात आणि नातू फोनमध्ये. मग तिने गाई घेतल्या. पण गाई पाळणं म्हणजे काय, याची तिची कल्पना इतरांपेक्षा वेगळी होती. तिने गोठा बांधला नाही, प्रसूतिगृह काढलं.

दारावर पाटी होती: 'भेटण्याची वेळ ४ ते ५. गर्दी करू नये.' आत भिंतीला चार खिळे, प्रत्येक खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत एक केसपेपर. नाव, वय, कितवं वेत, कधी भरवली, व्यायची अंदाजे तारीख. रोजच्या नोंदी निळ्या शाईत, धोक्याच्या लाल शाईत. जिथे जिथे तिची बदली झाली त्या गावांची नावं तिने गाईंना दिली होती. नेसरी, हलकर्णी, चंदगड आणि आजरा. धार काढताना नेसरी पाय उचलायची. "नव्या माणसाची सवय व्हाय तिला टाईम लागतो," अक्का म्हणायची. चंदगडच्या खाली कायम ओलं असायचं. "तिकडं पाऊसच तसला." आजरा सगळ्यांत शांत आणि सगळ्यांत जास्त दूध देणारी. तिच्याबद्दल अक्का काही म्हणायची नाही. जाता-येता पाठीवर हात ठेवायची, एवढंच.

तिच्या लेखी जगात तीनच प्रकारचे जीव होते: गाभण, व्यालेले आणि रिकामे. पोस्टमन रिकामा. सरपंच रिकामा. मीही रिकामी. रिकाम्या जिवांशी तिला फार बोलण्यासारखं काही नसायचं, पण त्यांना जेवायला मात्र ती व्यालेल्यांसारखंच घालायची. मी आजारी नव्हते, बाळंतीण तर नव्हतेच, तरी अळिवाचा एक लाडू रोज सकाळी माझ्या ताटलीत यायचा, आणि तो खाऊन होईपर्यंत ती समोरून हलायची नाही. "सरकारी गोळ्या वाटल्यात मी. बायका पदरात लपवून न्हेत्यात आनी कोंबड्यांना घालत्यात. म्होरं गिळलं तरच खरं."

पहाटे धार काढताना ती बुद्धवंदना म्हणायची. चरवीत पडणाऱ्या धारेच्या लयीत वंदना चालायची, आणि नेसरीने पाय उचलला की मध्येच "अगं ए, थांब की!" असा एक चरण त्यात यायचा. वंदना झाली की गावाचा कारभार सुरू. बदली कुठेही असो, गावातली बाळंतपणं तीच करायची, त्यामुळे चाळिशीच्या आतलं बहुतेक मोठं माणूस तिच्या हातात जन्मलेलं. कुणी तिच्याशी वाद घालायला लागलं की ती म्हणायची, "तुला तुझ्या आईच्या आदी मी बघितलंय. काय बघितलंय ते सांगू काय चारचौघांत?" वाद तिथेच संपायचा.

एकदा बोलता बोलता म्हणाली, नोकरीच्या सुरुवातीला काही घरांत तिच्यासाठी चहाचा कप वेगळा असायचा. "कप येगळा, पर पोर माज्याच हातात पडायचं. ते कसं चालायचं कुणास ठाऊक." मग स्वतःशीच हसली. "त्यातलं एक पोरगं आता सरपंच हाय. गाय व्याली की खरवसाला डबा घिऊन पयलं तेच येतंय."

माझी आई एकदा कोल्हापूरहून भेटायला आली. अक्काने तिला चहा दिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हिचं जल्माचं वजन किती हुतं?"

आईला आठवेना. अक्काने तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की आईने कप खाली ठेवला. मग अक्काने माझं मनगट चिमटीत धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "दोन किलो सातशे आसंल." आईने घरी जाऊन जुनी फाईल काढली. दोन किलो सातशे पन्नास होतं. तेव्हापासून आई फोनवर आधी अक्काची चौकशी करते.

तिचं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण म्हणजे रजेचा अर्ज. समोरच्या घरात एक अण्णा राहायचे. त्यांच्या गाईला आठवा महिना सरत आला तरी दोन्ही वेळची धार चालूच होती. खरं तर व्यायच्या आधी दोन महिने धार बंद करून गाय आटवावी लागते, म्हणजे तिला स्वतःला सावरायला आणि पोटातल्या वासराला वाढायला वेळ मिळतो. अक्काने तीनदा सांगितलं. अण्णा म्हणाले, "दूध देतीया तवर काडायचं. ती काय तक्रार करतीया व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संस्थेच्या फलकावर सुवाच्य अक्षरात एक कागद लागला होता.

'प्रति, सचिव. विषय: प्रसूती रजा मिळणेबाबत. महोदय, मी खाली ठसा उमटवणार गाय विनंती करते की, मला आठवा महिना पूर्ण होत आला असून माझे मालक अद्याप दोन्ही वेळेस माझी धार काढीत आहेत. तरी मला व माझ्या पोटातील वासरास विश्रांतीची नितांत आवश्यकता असल्याने रजा मंजूर व्हावी. माझी यापूर्वीची सेवा समाधानकारक आहे. आपली विश्वासू.'

खाली शेणात बुडवलेल्या खुराचा ठसा होता. तो अक्काने आपल्या आजराचा घेतला होता, म्हणजे कागद तसा बनावटच होता. पण सचिवाने त्यावर आवक नोंदवहीचा शिक्का मारला आणि 'मंजूर' असं लिहिलं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या प्रत्येक माणसाने तो अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. अण्णांनी त्याच दिवसापासून गाय आटवायला घेतली आणि त्याच दिवसापासून अक्काशी बोलणं सोडलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला आजही मान्य करावी लागते. ती बहुतेक वेळा बरोबर असायची. गाय व्याली की जार, म्हणजे वार, पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, अशी तिकडे बऱ्याच घरांत जुनी समजूत होती. अक्का गोठ्यात शिरून ओरडायची, "पोरानं काय उपास धरायचा व्हय तवर? पयल्या तासात पाज!" जार लवकर पडावी म्हणून तिला कुणी दगड बांधला तर तो दगड ती त्याच माणसाच्या हातात द्यायची आणि दोन तास तसाच धरून उभं राहायला सांगायची. व्यायला आलेल्या गाईचा खुराक मापाच्या डब्याने रोज थोडा थोडा वाढवायची, एकदम नाही. माझ्या कॉलेजच्या पुस्तकात जे होतं ते तिने बायकांची बाळंतपणं करून काढलं होतं. गावातली अकरा घरं आपल्या गाभण गाई तिच्याच सल्ल्याने सांभाळत. मी त्या घरांत माहितीपत्रकं घेऊन गेले की बायका तिकडच्या, बायकांनीही 'येतो-जातो' म्हणायच्या बोलीत म्हणायच्या, "अक्काला इचारून सांगतो."

फक्त एका बाबतीत ती पूर्ण चुकत होती, आणि नेमकं ते मला माहीत होतं.

गोठ्याच्या खिडकीत कॅल्शियमची निळी बाटली असायची. चौतीस वर्षं गरोदर बायकांना तिने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि बायकांना त्या द्यायलाच हव्यात. त्याच हिशेबाने गाईला शेवटचे तीन आठवडे रोज सकाळी ती पाजायची. पण गाईचं उलटं असतं. व्याल्यावर दुधातून इतकं कॅल्शियम जातं की गाईच्या शरीराला हाडांतला साठा तातडीने उघडावा लागतो. व्यायच्या आधी आयतं मिळत राहिलं तर साठा उघडायची सवयच मोडते. मग व्याल्यावर एक-दोन दिवसांत गाय बसते ती उठतच नाही. दुग्धज्वर म्हणतात त्याला, पण ताप नसतो. उलट अंग गार पडतं. भरपूर दूध देणाऱ्या, तीन-चार वेतं झालेल्या गाईला धोका जास्त. आजराचं हे चौथं वेत होतं आणि तिला वीस दिवस उरले होते.

मी ठरवून चहाच्या वेळी गेले. "अक्का, ते कॅल्शियम..."

"व्हय गं, संपत आलंय. तालुक्याला जाशील तवा दोन आण."

मी दोन आणल्या.

हे लिहितानाही मला लाज वाटते. पण तेव्हा मला वाटायचं, जिच्या हातात अर्ध्या गावाने पहिला श्वास घेतला तिला मी काय शिकवणार? आणि कोणत्या शब्दांत? मला तो सगळा विषय इंग्रजीत येत होता. परीक्षेत त्यावर पूर्ण गुण होते.

मग एका दुपारी ती बाहेर गेलेली पाहून मी आजराच्या केसपेपरवर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं: 'कॅल्शियम बंद करावे.' संध्याकाळी जेवताना ती कागद घेऊनच आली.

"ह्ये कुणी लिवलंय? सही न्हाय, तारीख न्हाय. माज्या केसपेपरावर ज्यो त्यो लिवणार व्हय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीचा तुकडा मोडला. पिठल्यात बुडवला. खाल्ला.

तिने खोडरबर आणलं आणि माझ्यासमोर ती ओळ पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजराला बाटली पाजताना मी खिडकीतून पाहिलं. आजराने जीभ बाहेर काढून शेवटचा थेंबही चाटला.

आजरा एका मंगळवारी सकाळी व्याली. कालवड झाली. पहिल्या तासात तिने चीक प्यायला, जार वेळेवर पडली, अक्काने सगळ्या नोंदी निळ्या शाईत केल्या. खरवसासाठी डबे घेऊन लोक आले, सरपंच सगळ्यांत आधी. कुणाला रिकाम्या डब्याने पाठवायचं नाही म्हणून अक्काने कास पूर्ण पिळून काढली. हेही करायला नको होतं. पहिल्या दिवशी थोडं दूध कासेत ठेवायचं असतं. पण मी तेव्हा माझ्या वाटच्या खरवसाची वडी खात होते. वेलची छान लागली होती.

बुधवारी तीनच्या सुमाराला मी फिरतीवरून परत आले, तर आजराभोवती जुन्या साड्यांचा पडदा होता. शेगडीत ओवा आणि बाळंतशेपाची धुरी चालू होती. अक्का तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "निजलीया. दमली बिचारी. कालधरनं उभीच हुती."

मी पडदा बाजूला केला. आजरा बसली होती, पण मान वळवून तोंड बरगड्यांवर टाकलेलं, घडी घालून ठेवल्यासारखी. नाक कोरडं. सकाळपासून शेण नव्हतं. मी तिचा कान धरला. माठाला हात लावल्यासारखा गार लागला.

"काडा केलाय गूळ घालून," अक्का म्हणाली, "वततो तोंडात, तरतरी येती बघ." तिने एका हाताने आजराचा जबडा वर केला, दुसऱ्या हातात तांब्या.

अशा गाईला गिळता येत नाही. ओतलेलं सरळ फुफ्फुसात जातं.

मी म्हणाले, "नको." ते मलाच नीट ऐकू आलं नाही. तांब्या कलला.

"अक्का, तांब्या खाली ठेवा!"

एवढा मोठा आवाज माझ्यातून निघतो हे मला माहीत नव्हतं. नेसरीने पाय उचलला. समोरच्या घरातून अण्णा बाहेर आले. अक्काने तांब्या खाली ठेवला, पदर कमरेला खोचला आणि ताठ उभी राहून म्हणाली, "काय काय लागंल?"

"एक बादली गरम पाणी. दोन पोती, भुसा भरून. आणि डोकं धरायला कुणीतरी."

कुणीतरी म्हणजे अण्णाच. न बोलवता कुंपण ओलांडून ते आत आले होते. महिन्याभराचा अबोला मात्र तसाच होता. त्यामुळे मधला दुवा मी.

"त्येस्नी सांग, डोस्कं सरळ धरा म्हणावं," अक्का म्हणाली.

"तिला सांग, धरलंय," अण्णा म्हणाले. "आनी सांग, गुडघा माज्या पायावर हाय तिचा."

पोती दोन्ही बाजूंना लावून आजराला सरळ बसवलं. माझ्या बॅगेतली सलाईनसारखी लावायची कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरून गरम केली. मानेतल्या शिरेत सुई घातली आणि थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. माझा एक कान स्टेथोस्कोपवर होता.

"लौकर सोड की गं! तास लावतीस व्हय?"

"घाई केली तर हृदय बंद पडेल, अक्का. तेच औषध आहे आणि तेच विष."

ती आत जाऊन आपला कर्णा घेऊन आली, पलीकडे गुडघे टेकून बसली, आजराच्या डाव्या पुढच्या पायामागे कर्णा लावला आणि घड्याळ बघत ठोके मोजायला लागली. या वेळी त्यातून खरंच ऐकू येत असणार, कारण तिचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळत होते. ठोके गडबडले की ती "थांब" म्हणायची, मी नळी दाबायची. सुरळीत झाले की "सोड" म्हणायची. वीसेक मिनिटं आम्ही दोघी याशिवाय एक शब्द बोललो नाही. अण्णा मध्ये डोकं धरून बसले होते आणि त्यांच्या पायावरचा गुडघा तसाच होता.

आधी आजराच्या खांद्यावरची कातडी थरथरली. मग तिने एक मोठी ढेकर दिली, थेट अण्णांच्या तोंडावर. नाकावर दव आलं. आणि मग तिने शेण टाकलं. शेणाकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी यावं असा तो माझ्या नोकरीतला पहिला आणि अजून तरी शेवटचा प्रसंग.

अर्ध्या तासाने ती लटपटत उभी राहिली.

"तिला सांग, उठली म्हणून," अण्णा म्हणाले.

"दिसतंय मला," अक्का म्हणाली.

अण्णा गेल्यावर तिने माझ्या हातांवर पाणी घातलं. "का झालं?"

इंग्रजी सगळं डोक्यात होतं, पण ते उपयोगाचं नव्हतं. मी म्हणाले, "घरात रोज आयता डबा येत असला तर चूल पेटवायची सवय मोडते. मग एक दिवस डबा बंद होतो आणि दारात पंचवीस पाव्हणे उभे असतात."

ती पाणी ओतायची थांबली. तिला लगेच कळलं. खिडकीतल्या बाटलीकडे बघून म्हणाली, "म्हंजी मीच केलो." मग माझ्याकडे वळून, "त्या कागदावर तू लिवलंतंस?"

"हो."

"आनी बाटल्या?"

"मीच आणल्या."

तिने हातातला तांब्या खाली ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "गाय मुकी आसती हे म्हाईत हुतं." आणि शेगडी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती इस्त्रीची पांढरी साडी नेसून माझ्या दारात उभी होती. "चप्पल घाल. अकरा घरं हायत. त्यातल्या धा-बारा गाई ह्या म्हैन्यात व्यायच्या हायत."

पहिल्या घरात ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि मान ताठ ठेवून म्हणाली, "मी चुकलो. गाभण गाईला कॅल्शियम पाजा म्हणून सांगितलंतं, ते बंद करा. का, ते ही सांगंल." मी डब्याची आणि चुलीची गोष्ट सांगितली. लोकांनी माना हलवल्या. बाई म्हणाली, "अक्का, तुमीबी चुकताय व्हय?" अक्का म्हणाली, "माणूस हाय की मी."

नम्रपणा तिला तीन घरं पुरला. चौथ्या घरात, तिच्या सांगण्यात, आजराची जीभ बाहेर आली होती. सहाव्यात डोळे पांढरे झाले. आठव्या घरात अक्काने खड्डा काढायला माणूसही बोलावला होता. तिची चूकही गावात सगळ्यांत मोठीच असायला हवी होती. आणि जितकी चूक मोठी, तितकी मी थोर. "एवढीशी पोरगी, पर मरनाच्या दारातनं गाय वडून आणली बघा," ती प्रत्येक उंबऱ्यावर सांगायची. बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. दहाव्या घरात एका म्हातारीने माझी दृष्ट काढली.

प्रत्येक घरात मी वाट बघत होते की आता ती सांगेल: हिला वीस दिवस आधी माहीत होतं, ही गप्प बसली, बाटल्याही हिनेच आणल्या. तिने कुठेच सांगितलं नाही.

अकरावं घर अण्णांचं. अबोला धरला असला तरी त्यांनी तिचा सल्ला सोडला नव्हता. त्यांच्या खिडकीतही निळी बाटली होती आणि रजेवरची गाय पंधरा दिवसांत व्यायची होती. अक्काने उंबऱ्यावरून भिंतीला सांगितलं, "मी चुकलो." अण्णांनी भिंतीकडून ते ऐकून घेतलं. मी चूल आणि डबा सांगितला. ते सावकाश म्हणाले, "हे तुला कवा कळलं?"

"काल," असं म्हणता आलं असतं. अक्का माझ्याकडे बघत होती, आणि माझ्यासाठी तेच उत्तर तिने तयार ठेवलं होतं असं मला वाटलं.

"वीस दिवस झाले, अण्णा," मी म्हणाले. "मी घाबरले. सांगितलं नाही. त्यातच तुमच्या गाईलाही पाजणं सुरू झालं. ती व्याली की दोन दिवस मी इथे येऊन बसणार आहे. रात्री-अपरात्री कधीही बोलवा."

अण्णा महिन्याभरात पहिल्यांदाच सरळ तिच्याशी बोलले. "काय वो नर्सअक्का, पोरगीला खोली भाड्यानं दिलाय का दत्तक घेतलाय?" आणि उठून बाटलीचं बूच काढून ती गटारात ओतायला निघाले.

"वतू नगासा!" अक्का ओरडली. "व्याल्यावर लागतंय ते!"

गल्लीत आल्यावर ती माझ्या पुढे दहा पावलं चालत होती. मग एकदम वळली.

"तुला खरं सांग म्हणून कुणी म्हटलंतं व्हय? चौतीस वर्सं डाक्टर लोकांच्या चुका पदराखाली झाकल्या मी. दहा घरं तुझीबी झाकली. अकराव्या घरात तूच पदर वडलास!"

"सॉरी, अक्का."

"सॉरी काय सॉरी." ती पुन्हा चालायला लागली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि मी तिच्या बरोबरीला येईपर्यंत थांबली. दूध घालून रिकामी किटली घेऊन एक बाई समोरून येत होती.

"काय अक्का, तिन्हीसांजंचं कुठं गेलतासा?"

"राउंडला," नर्सअक्का म्हणाली. "डाक्टर हायत संगं."